पंप थांबला, आता किती वेळ? वीज गेल्यावर घरातील मत्स्यालय

मे महिन्याच्या उत्तरार्धात गोव्यात संध्याकाळी आभाळ भरून येते, वारा सुटतो, कुठेतरी माडाचे चुडत वीजवाहिनीवर कोसळते आणि घर अंधारात बुडते. पंखा थांबल्याचे सर्वांच्या तत्काळ लक्षात येते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील काचेच्या टाकीत एअर पंपाची घरघर थांबली आहे, हे मात्र बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. अर्ध्या तासात वीज परतली तर काही बिघडत नाही. ती रात्रभर आली नाही, तर सकाळी टाकीतला सर्वांत मोठा, सर्वांत जुना आणि घरातल्या मुलांनी नाव ठेवलेला मासा पाण्यावर उलटा तरंगताना दिसतो.

१६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा राज्यात शेकडो झाडे उन्मळून पडली आणि अनेक भागांत वीजपुरवठा एक दिवसाहून अधिक काळ खंडित राहिला. अशी वादळे रोज येत नाहीत. पण वळवाचा पाऊस, पावसाळ्याचे पहिले आठवडे आणि देखभाल-दुरुस्तीसाठी ट्रान्सफॉर्मर बंद ठेवण्याच्या सूचना यांची सवय इथल्या प्रत्येक घराला आहे. दुरुस्तीची सूचना निदान आदल्या दिवशी वृत्तपत्रात वाचायला मिळते. वाऱ्याची सूचना मिळत नाही. म्हणून टाकीला विजेवाचून किती तास काढता येतील, याचा हिशेब आधीच झालेला असावा. तो फारसा कठीण नाही.

सुरुवात एका गैरसमजापासून करावी लागेल. फिल्टर बंद पडला की पाणी घाण होते आणि घाणीने मासे मरतात, असे बहुतेकांना वाटते. घाणीचा प्रश्न खराच आहे, परंतु तो सहसा दुसऱ्या दिवसाचा. पहिल्या काही तासांत मासे मरतात ते गुदमरून. पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपतो आणि नवा पुरेशा वेगाने आत येत नाही.

मुळात पाण्यात प्राणवायू फार थोडा मावतो. ३० अंश सेल्सिअसच्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. त्याच तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे हवेच्या तुलनेत छत्तिसावा हिस्सा. पाणी २० अंशांवर असते तर त्यात नऊ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू राहिला असता. इकडे उष्णतेमुळे माशाच्या शरीराचे व्यवहार वेगाने चालतात आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्याची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. उन्हाळ्यात साठा घटतो आणि खर्च वाढतो, आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे वीज जाते.

आता दोन टाक्या डोळ्यांसमोर आणाव्यात. दोन्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दोन्हींत सुमारे पन्नास लिटर पाणी. ३० अंशांवर या पाण्यात ३७५ मिलिग्रॅम प्राणवायू आहे. प्रमाण लिटरमागे तीन मिलिग्रॅमपर्यंत उतरले की बहुतेक मासे कासावीस होतात आणि दोनच्या खाली मरू लागतात. तेव्हा प्रत्यक्ष वापरण्याजोगा साठा सुमारे २२५ मिलिग्रॅमचा. पहिल्या टाकीत पाऊण पाऊणशे ग्रॅम वजनाचे चार गोल्डफिश आहेत. या आकाराचे मासे उबदार पाण्यात किलोमागे तासाला ढोबळमानाने ३०० मिलिग्रॅम प्राणवायू घेतात. म्हणजे हे चौघे मिळून तासाला नव्वद. साठा अडीच तासांचा. दुसऱ्या टाकीत पंधरा गप्पी आहेत. त्या सर्वांचे मिळून वजन पंधरा ग्रॅमही भरत नाही. लहान माशांचा किलोमागचा खर्च अधिक असतो हे धरले, तरी तासाला सात-आठ मिलिग्रॅमपलीकडे तो जात नाही. साठा तीस तास पुरतो आणि तेवढ्या वेळात पृष्ठभागावरून नवा प्राणवायू उतरत राहतो. या टाकीला वीज गेल्याचा पत्ताही लागणार नाही.

आकडे ढोबळ आहेत. गाळातील जिवाणूही प्राणवायू खातात, तर पृष्ठभागावरून थोडी भरपाई होते. प्रत्येक टाकीत हे गणित थोडे इकडेतिकडे सरकेल. तरीही दोन टाक्यांमधले अंतर खोटे ठरत नाही. वीज गेल्यावर काय करावे याचे निम्मे उत्तर मासे विकत घेतले त्या दिवशीच ठरलेले असते. पंपाच्या जोरावर टाकीत दाटीवाटीने मासे ठेवता येतात, आणि ती दाटी पंप थांबला त्या क्षणी उघडी पडते. दुकानातल्या टाक्यांत शेकडो मासे दिसतात ते दिवसरात्र चालणाऱ्या ब्लोअरच्या आधारावर. घरासाठी तो नमुना नव्हे.

भरपाई इतकी मंद का, हेही समजून घेण्यासारखे आहे. प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागावरून. एअर स्टोनमधून निघणारे बुडबुडे वर जाताजाता थोडासा प्राणवायू देतात खरे, पण त्यांचे मुख्य काम तळाचे पाणी वर आणणे आणि पृष्ठभाग खळबळवणे हे आहे. पूर्ण स्थिर पाण्यात प्राणवायूचे कण केवळ स्वतःच्या गतीने वीतभर खोल जायला कित्येक आठवडे घेतील. माशांची हालचाल आणि पाण्यातील सूक्ष्म प्रवाह यांमुळे प्रत्यक्षात तो त्याहून पुष्कळ लवकर पोहोचतो, तरी पंपाची बरोबरी होत नाही. म्हणून उंच, अरुंद, शोभिवंत टाक्या विजेवाचून सर्वांत आधी अडचणीत येतात. लांब-रुंद, उथळ टाकी दिसायला साधी, पण टिकाऊ. तोंडाशी निमुळत्या होत जाणाऱ्या काचेच्या गोल भांड्याविषयी तर न बोललेलेच बरे.

माशांच्या जातीनेही फरक पडतो. फायटर, गौरामी यांसारख्या माशांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घड्याघड्यांचे इंद्रिय असते. त्याच्या साहाय्याने ते पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला प्राणवायू घेतात. कोरिडोरस जातीचे छोटे मांगूर हवा गिळून आतड्यातून प्राणवायू शोषतात. यांना रात्रभराच्या अंधाराची भीती कमी. एंजल, टायगर बार्ब, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि गोल्डफिश यांना ती सोय नाही. गोल्डफिश प्राणवायूवाचून दीर्घकाळ तग धरतो असे कुठेकुठे वाचायला मिळते. ते खरे आहे, पण गारठलेल्या पाण्यापुरते. तेव्हा त्याचे शरीर आम्लाऐवजी मद्यार्क तयार करून तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकते. फोंड्याच्या उन्हाळ्यात या कौशल्याचा भरवसा धरू नये.

पाणवनस्पतींनी भरलेली टाकी असली की मालक निर्धास्त असतो. दिवसा खिडकीतून उजेड येत असेल तर ते योग्यही आहे. अंधारात मात्र वनस्पती प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्याचेही तेच. म्हणून संध्याकाळी गेलेली वीज दुपारी गेलेल्या विजेपेक्षा अधिक धोक्याची, आणि सर्वांत बिकट वेळ पहाटेपूर्वीची. यीस्ट आणि साखर घालून घरी तयार केलेला कार्बन डायऑक्साइड टाकीत सोडला असेल, तर त्याची नळी आधी बाहेर काढावी. तो विजेवर चालत नाही, त्यामुळे वीज जाऊनही थांबत नाही.

पहिल्या तासात

वीज जाताच टाकीची सर्व उपकरणे बंद करून प्लग काढून ठेवावेत. वीज परत येताना दाब वरखाली होतो हे एक कारण; दुसरे अधिक महत्त्वाचे कारण पुढे येईल. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवलेला असेल आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, तर पंप थांबल्यावर पाणी उलट्या दिशेने नळीतून उतरून पंपात आणि तिथून विजेच्या बोर्डापर्यंत पोहोचू शकते. किरकोळ किमतीचा हा व्हॉल्व्ह मत्स्यालयाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. तो नसेल तर नळी पाण्याबाहेर ओढून घ्यावी आणि पुढच्या वेळेपूर्वी पंप वरच्या फळीवर नेऊन ठेवावा.

टाकीचे झाकण उघडावे. झाकणाखाली कोंडलेली दमट हवा हलली पाहिजे. मासा उड्या मारणारा असेल तर झाकणाऐवजी जाळी टाकावी. मग खाद्य बंद. ‘बिचारे घाबरले असतील’ म्हणून चिमूटभर दाणे टाकण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्यानेच सर्वाधिक घात होतो. अन्न पचवताना माशाचा प्राणवायूचा खर्च वाढतो, विष्ठेतून अमोनिया वाढतो, न खाल्लेले दाणे कुजताना उरलासुरला प्राणवायू खातात. निरोगी प्रौढ मासा तीन-चार दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. नुकतीच जन्मलेली पिल्ले तेवढी याला अपवाद.

यानंतर माशांकडे पाहत राहावे. ते टाकीच्या मध्यावर शांत असतील, कल्ल्यांची हालचाल नेहमीसारखी असेल, तर घाई नाही. कल्ले भरभर उघडझाप करू लागले, तळाशी राहणारे मासे वर आले, तोंडे पृष्ठभागाला लावून सगळे ओळीने उभे राहिले, की वेळ भरत आली असे समजावे. मोठे मासे बहुधा आधी त्रासतात.

उपाय अगदी साधा आहे आणि त्याला वीज लागत नाही. एक स्वच्छ तांब्या घ्यावा, टाकीतलेच पाणी भरावे आणि हातभर उंचीवरून धार धरून परत टाकीत सोडावे. पाच मिनिटे हे केले, थोडा वेळ थांबले, पुन्हा केले. दाटीच्या टाकीत दर वीस-पंचवीस मिनिटांनी, विरळ टाकीत तासा-दीड तासाने. तांब्याला साबणाचा किंवा तेलाचा अंश नसावा. तळाची खडी ढवळू नये. तिथला गाळ उसळला तर होता तो प्राणवायूही जाईल. घरातली दोन-तीन माणसे आळीपाळीने जागली तर एक रात्र अशी निघते. हात दुखत असतील तर प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीच्या बुडाला बारीक भोक पाडून ती टाकीवर टांगावी. त्यात टाकीतलेच पाणी भरत राहिले की थेंबाथेंबाची धार पृष्ठभाग हलता ठेवते. वर्तमानपत्राने किंवा विंझण्याने पाण्यावर वारा घालण्याची जुनी युक्तीही निरुपयोगी नाही. वाऱ्याने पाणी थोडे थंडही होते आणि ते हवेच असते.

वीज चार-पाच तासांत आली नाही, तर चौथा हिस्सा पाणी बदलावे. नव्या पाण्याबरोबर प्राणवायू येतो, साचलेला कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया कमी होतो. मात्र नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांचे कल्ले जाळते. ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलेले किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घातलेले असावे. पावसाळी हवा दिसू लागली की दोन बादल्या भरून ठेवण्याची शिस्त म्हणून उपयोगी पडते, कारण वीज गेल्यावर गच्चीवरच्या टाकीतही पाणी चढत नाही. विहिरीवर दोरी-कळशी असलेल्या घरांना ही अडचण नाही. पण विहिरीचे ताजे पाणीही जसेच्या तसे ओतू नये. भूजलात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड अधिक असतो, आणि आपल्या जांभ्याच्या जमिनीतील विहिरींचे पाणी बहुधा मृदू व किंचित आम्लधर्मी असते. एका बादलीतून दुसऱ्या बादलीत दहा-पंधरा वेळा ओतून, मग हळूहळू टाकीत घालावे.

एक सल्ला मात्र सरळ दुर्लक्षिण्याजोगा आहे. वीज गेल्यावर टाकी ब्लँकेटने गुंडाळावी, असे परदेशी लिखाणात आवर्जून सांगितलेले असते. ज्या देशांत हिवाळ्यात घर तासाभरात गारठते, तिथे ते योग्यच. पणजीत मे महिन्यात टाकीला गोधडी पांघरणे म्हणजे माशांना उकडणे होय. इथे शत्रू उष्णता आहे. पाणी ३२ अंशांच्या वर जात असेल तर बंद बाटलीत बर्फ भरून ती थोडा वेळ तरंगत ठेवता येईल, पण तासाभरात एक-दोन अंशांहून अधिक उतार नको.

पंप, बॅटरी आणि इन्व्हर्टर

ज्यांच्या टाकीत मोठे मासे आहेत, त्यांनी केवळ तांब्यावर विसंबू नये. मोबाइलच्या चार्जरवर चालणारे छोटे यूएसबी एअर पंप आता सहज मिळतात. असा पंप साधारण एक ते दीड वॅट वीज घेतो. १०,००० एमएएचच्या चांगल्या पॉवर बँकेवर तो पंधरा ते पंचवीस तास चालतो. यात एक मेख आहे. काही पॉवर बँका जोडलेल्या उपकरणाने फारच कमी वीज घेतली, की ‘फोन भरला’ असे समजून आपोआप बंद होतात. पंप सुरू करून निर्धास्त झोपावे आणि तो दहा मिनिटांत थांबलेला असावा, असे होऊ शकते. खरेदीनंतर एकदा तासभर चालवून पाहणे हाच यावरचा इलाज. साध्या सेलवर चालणारे पंप ओबडधोबड आणि गोंगाट करणारे असतात, पण त्यांना असली हुशारी नसते. सेल मात्र पंपात घालून वर्षभर ठेवू नयेत. ते गळतात आणि ऐनवेळी पंप गंजलेला निघतो.

इन्व्हर्टर असलेल्या घरांचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. नीट पाहिले तर अनेक घरांत इन्व्हर्टरची जोडणी दिवे आणि पंख्यांपुरतीच केलेली असते. टाकीशेजारच्या थ्री-पिन सॉकेटला ती नसते. हे आधीच तपासून, वायरमनला बोलावून एक जोडणी करून घ्यावी. भाराचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. १५० अँपिअर-अवरची, १२ व्होल्टची थोडी वापरलेली बॅटरी प्रत्यक्षात सुमारे ९०० वॅट-तास वीज देईल असे धरले, तर दोन पंखे आणि काही दिवे असा दोनशे वॅटचा भार ती साडेचार तासांत संपवतो. केवळ पाच वॅटचा एअर पंप चालवला, तर इन्व्हर्टरचा स्वतःचा वीस वॅटचा खर्च धरूनही तीच बॅटरी दीड दिवस पुरते. पंखा की मासे, हा निर्णय मध्यरात्री घामाघूम अवस्थेत घेण्यापेक्षा आधी घेतलेला बरा. टाकीचे दिवे आणि मोठा फिल्टर इन्व्हर्टरवर चालवण्याची गरज नाही. पृष्ठभाग हलता राहणे पुरेसे आहे. जनरेटर असेल तर तो घराबाहेर, मोकळ्या जागीच चालवावा. त्याचा धूर माशांच्या आधी माणसांचा जीव घेतो.

समुद्री माशांची आणि प्रवाळांची टाकी ठेवणाऱ्यांनी यातले सर्व काही अधिक कडकपणे पाळायला हवे. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्याहून सुमारे पाचव्या हिश्शाने कमी मावतो. तिथे बॅटरीवरचा पंप ऐच्छिक नव्हेच.

वीज परतल्यावर

दिवे लागले की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि टाकीचे बटण दाबतात. नेमका इथे दुसरा धोका आहे. बंद डब्यासारख्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये, स्पंज आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर, अब्जावधी जिवाणू राहतात. माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि त्याचे पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करण्याचे काम ते करतात. त्यांनाही प्राणवायू लागतो. प्रवाह थांबला की डब्यातला प्राणवायू लवकरच संपतो, साचलेला गाळ प्राणवायूवाचून कुजू लागतो आणि काही तासांनी आतले पाणी दुर्गंधी, विषारी होते. बटण दाबताच ते सगळे थेट टाकीत. रात्र कशीबशी काढलेले मासे अशा वेळी वीज आल्यानंतर मरतात आणि कारण कोणालाच उमगत नाही. म्हणून कॅनिस्टर दोन-तीन तासांपेक्षा अधिक काळ बंद राहिला असेल, तर आतले पाणी ओतून द्यावे, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा आणि मगच तो सुरू करावा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने उरलेले जिवाणूही जातील. वीज लवकर येणार नाही असे दिसताच फिल्टरमधील सामग्री काढून टाकीच्याच पाण्याने भरलेल्या उथळ परातीत ठेवली, तर त्याहून उत्तम. टाकीत थेट बसणाऱ्या साध्या स्पंज फिल्टरला यातला कोणताच त्रास नाही. स्वस्त आणि दिसायला कुरूप असला तरी वारंवार वीज जाणाऱ्या भागात त्याला तोड नाही.

हीटर असेल तर प्लग काढण्याचे दुसरे कारण इथे येते. पाणी बदलताना पातळी खाली गेलेली असते, हीटर उघडा पडलेला असतो आणि त्याच क्षणी वीज येते. कोरडी तापलेली काच पाणी लागताच तडकते. काठावर लटकणारे फिल्टरही पातळी उतरली असेल तर पाणी न खेचता कोरडेच फिरत राहतात; त्यांत तांब्याभर पाणी घालून मगच ते सुरू करावेत.

मेलेला मासा असल्यास तत्काळ काढावा. त्या दिवशी टाकीचा दिवा लावू नये, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या निम्मे खाद्य द्यावे आणि पुढचा आठवडाभर अमोनियाची चाचणी करीत राहावे. साचलेला कार्बन डायऑक्साइड पंप सुरू झाल्यावर उडून जातो आणि पाण्याचा पीएच वर चढतो. पीएच ७ वरून ८ वर गेला, तर अमोनियापैकी विषारी रूपात असणारा अंश सुमारे दसपट होतो. चाचणीत अमोनिया दिसला, तर खाद्य थांबवून रोज थोडे थोडे पाणी बदलत राहावे.

पहिल्या वादळापूर्वी एक प्रयोग प्रत्येकाने करून पाहावा. रविवारी सकाळी, सर्वजण घरी असताना, टाकीची उपकरणे मुद्दाम बंद करावीत आणि घड्याळ लावून बसावे. आदल्या रात्रीपासून खाद्य दिलेले नसावे. कल्ल्यांची गती वाढेपर्यंत किंवा पहिला मासा पृष्ठभागाशी तोंड लावेपर्यंत किती वेळ गेला ते टिपून लगेच पंप सुरू करावा. दीड तास, चार तास, जे काही निघेल ते. भर उन्हाळ्यात आणि रात्री त्याच्या निम्माच वेळ हाती आहे असे धरून तो आकडा कागदावर लिहावा आणि टाकीच्या बाजूच्या काचेवर चिकटवावा. वीज जाईल तेव्हा घरात कोणी का असेना, तांब्या कधी हातात घ्यायचा ते त्याला कळेल.